जुन्या कारखान्याची जागा स्वस्तात मिळतेय? सातबारासोबत मातीही तपासा

भंडारा जिल्ह्यात उद्योग सुरू करायचा म्हटलं की मशीन आणि कर्जाच्या आधी प्रश्न येतो जागेचा. एमआयडीसीचा नवीन प्लॉट प्रत्येकाला परवडत नाही. मग नजर जाते बंद पडलेल्या राईस मिलकडे, महामार्गावरच्या जुन्या गॅरेजकडे, शहरातल्या एखाद्या पितळी भांड्यांच्या कारखान्याच्या मोकळ्या शेडकडे. शेड तयार आहे, थ्री फेज मीटर आहे, ट्रक आत येतो आणि भाव बाजारापेक्षा कमी. सौदा चांगलाच वाटतो.

चांगला असेलही. पण भाव कमी का आहे, हे विचारल्याशिवाय इसार द्यायचा नाही. कधी कधी कारण जमिनीत पुरलेलं असतं, अगदी शब्दशः. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे. वडिलोपार्जित कारखान्याची जागा तुम्हाला विकायची असेल आणि मागच्या अंगणात वीस वर्षं तेजाब ओतलं गेलंय हे घरात सगळ्यांना माहीत असेल, तर ते सांगायचं की गप्प बसायचं? कायदा काय म्हणतो, पैशाचं गणित कसं बसतं आणि आपल्या जिल्ह्यात नेमकं काय बघायचं, ते आज सविस्तर बघू.

आपल्याकडे माती कशाने खराब होते

प्रदूषण म्हटलं की आपल्याला चिमणीचा धूर आठवतो. धूर वाऱ्याने निघून जातो. मातीत गेलेलं शिसं कुठेही जात नाही. ते कुजत नाही, उडत नाही, वरच्या थरात तसंच बसून राहतं. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी ते तिथेच असतं.

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण भट्टीत भंगार वितळवायचं तर त्यात बऱ्याचदा शिसंही असतं. भट्टीची राख, तेजाबाने भांडी धुतलेलं पाणी, कल्हईच्या कामाचा कचरा हे सगळं पूर्वी कुठे जायचं? शेडच्या मागे. त्या काळी कोणी वाईट हेतूने केलं असं नाही, पद्धतच तशी होती. पण जागा घेणाऱ्याला हेतूशी देणंघेणं नसतं, त्याला माती मिळते.

दुसरा प्रकार महामार्गाचा. राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोलीतून जातो. ट्रकची वर्दळ म्हणजे गॅरेज, बॅटरीवाले आणि जुने पेट्रोल पंप आलेच. गॅरेजच्या जमिनीत जळकं ऑईल मुरतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम जिथे झालं, ती जागा तर मी सगळ्यात धोक्याची मानतो, कारण तिथे शिसं आणि आम्ल दोन्ही मातीत गेलेलं असतं. बंद पंपाच्या जागेत जमिनीखालची टाकी काढली की तशीच राहिली, हा पहिला प्रश्न. गळती झाली असेल तर पेट्रोल भूजलावर तरंगतं आणि शेजारच्या विहिरीपर्यंत पोचतं.

राईस मिल त्यामानाने साधी. कोंड्याच्या राखेचे ढीग दिसायला वाईट, पण बॅटरी भंगाराएवढे घातक नाहीत. मात्र जुन्या मिलमध्ये डिझेल इंजिन होतं का, त्याची टाकी कुठे होती, जुना ट्रान्सफॉर्मर कुठे बसवला होता आणि त्याचं तेल गळलं का, हे विचारायचं.

तुमसर तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आणि तिथलं मँगनीज डायऑक्साईड ड्राय बॅटरीच्या उद्योगाला लागतं. या पट्ट्यात खडकातच मँगनीज आहे. त्यामुळे तुमच्या प्लॉटच्या मातीत किंवा बोअरच्या पाण्यात मँगनीज निघालं तर लगेच ‘प्रदूषण’ म्हणून ओरडायचं नाही. ते निसर्गाचंही असू शकतं. पण आधीच्या मालकाने तिथे खनिजाचा साठा ठेवला असेल, तर त्याचंही असू शकतं. फरक कळायचा एकच मार्ग आहे. प्लॉटमधला एक नमुना आणि ज्या जागेवर कधी कोणताच उद्योग झाला नाही अशा जवळच्या जागेचा एक नमुना घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. हा दुसरा नमुना घ्यायला लोक विसरतात, आणि मग वाद घालायला आधारच उरत नाही.

एक गट असा आहे ज्यांचा काहीच दोष नसतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतात, नदीत पसरली. शेतकऱ्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत येतं, त्यातही पवनी किंवा भंडारा तालुक्यातल्या मालकाचा हात नाही. पण जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक प्रश्न त्यालाच विचारतं.

विकणाऱ्याने सांगायलाच हवं का?

हो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे, त्याचं कलम ५५ बघा. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. असा दोष लपवणं म्हणजे फसवणूक, असं त्याच कलमात म्हटलंय. मग भारतीय करार कायदा १८७२ नुसार फसवणुकीने झालेला करार घेणारा रद्द करायला लावू शकतो. दस्त रद्द करण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, पण ती मोजायची ती गोष्ट कळल्यापासून. म्हणजे दस्त नोंदवून चार वर्षं झाली, आता काय होतंय, असं विकणाऱ्याने समजू नये.

‘साधी काळजी’ हे दोन शब्द नीट समजून घ्या. अंगण काळंकुट्ट आहे, तेलाचा वास येतोय, एका कोपऱ्यात गवत उगवतच नाही, हे डोळ्याला दिसतंय. तुम्ही बघूनही विचारलं नाही, तर उद्या ‘मला सांगितलं नाही’ म्हणून भांडायला तुमची बाजू पडकी. पण काँक्रीटखाली ड्रम पुरलेत आणि मालकाला ते माहीत आहे, तर तो दोष लपवलेला.

आता एक खाच. हे कलम ‘उलट करार नसेल तर’ अशा अटीने सुरू होतं. म्हणजे करारात काय लिहिलंय त्याला फार वजन आहे. आपले अनेक तरुण उद्योजक बंद युनिट बँकेच्या लिलावात घेतात. सरफेसी कायदा २००२ खालच्या त्या जाहिराती वाचा. ‘जसे आहे, जिथे आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येकीत असतं. बँकेला त्या मातीबद्दल काही माहीत नसतं आणि ती काही हमीही देत नाही. लिलावात घेताना तपासणीचा सगळा भार तुमच्यावर. म्हणून लिलावाच्या आधी जागा बघायची जी तारीख दिलेली असते, त्या दिवशी फक्त शेडचे पत्रे मोजून परत येऊ नका.

आणि सातबारा? सातबारा, फेरफार, अकृषक आदेश, इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, हे सगळं काढायचंच. पण यातल्या कुठल्याही कागदावर मातीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. वकील टायटल क्लिअर म्हणतो ते मालकीपुरतं, जमिनीच्या तब्येतीबद्दल त्याने काहीच म्हटलेलं नसतं.

घाण करणारा एक, मालक दुसरा: बिल कोणाचं?

आपल्या देशात तत्त्व ठरलेलं आहे, ज्याने घाण केली त्याने भरायचं. याचा मोठा खटला राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावचा. तिथे एच ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला, पावसाबरोबर जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचं पाणी वापरायच्या लायकीचं राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च त्या कंपन्यांचाच. कंपन्यांनी टाळाटाळ केली. शेवटी २०११ मध्ये न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये, वर १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट भरायला सांगितलं. तारखा बघा. निकाल ९६ चा, वसुलीचा हा आदेश ११ चा. तत्त्व तुमच्या बाजूचं असलं तरी पंधरा वर्षं थांबायची ताकद छोट्या उद्योजकाकडे नसते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. त्याआधी कचरा कसा हाताळायचा याचे नियम होते, पण आधीच खराब झालेल्या जमिनीचं काय करायचं याची स्पष्ट पद्धत नव्हती. आता पद्धत अशी: स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागा कळवणार. प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करणार. संशय पक्का वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. घातक रसायनं ठरलेल्या पातळीच्या वर निघाली तर ती जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तिथल्या वावरावर निर्बंध येतात. मग तज्ज्ञ संस्था सफाईची योजना ठरवते, मंडळ जबाबदार माणूस शोधतं आणि खर्च त्याच्याकडून घेतला जातो. जबाबदार सापडला नाही किंवा भरू शकत नसेल तर केंद्र आणि राज्याने खर्चाची सोय करायची. खाणकामामुळे किंवा कचरा डेपोमुळे झालेली घाण सरसकट या नियमांत येत नाही, त्यासाठी वेगळे कायदे आहेत. तुमसरच्या मंडळींनी हे लक्षात ठेवा.

उद्योजकाने यातून काय घ्यायचं? सफाईचं बिल कदाचित तुमच्या नावावर येणार नाही. पण निर्बंध जागेवर येतात, आणि जागा तुमची आहे. बँकेचा हप्ता चालू, मशीन शेडमध्ये, आणि खोदकामाला मनाई. हा खरा धोका.

भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडेही जाता येतं. आपल्या राज्यासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

आणखी एक फरक. तुम्ही फक्त जागा विकत घेताय की चालू कंपनीच? जागा घेतली तर जुन्या कंपनीचे गुन्हे आपोआप तुमचे होत नाहीत. कंपनीचे शेअर घेतले तर कंपनी तीच राहते आणि तिची जुनी देणीही. सीए आणि वकील दोघांना समोरासमोर बसवून हा मुद्दा विचारा.

एका डॉलरला विकलेली जमीन

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. हुकर केमिकल कंपनीने १९४२ पासून त्यात हजारो टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. लपवलं का? नाही. खरेदीखतात लिहिलं होतं की इथे रसायनं पुरलेली आहेत आणि पुढचा धोका घेणाऱ्याचा. शाळा मंडळाने तरी तिथे शाळा बांधली. आजूबाजूला घरं झाली. त्या घरांच्या खरेदीदारांना ते जुनं वाक्य कोणी वाचून दाखवलं नाही. १९७८ मध्ये तळघरांत रसायनं झिरपू लागल्यावर आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद पडली, कुटुंबं हलवावी लागली. १९८० मध्ये अमेरिकेने यासाठी सुपरफंड नावाचा कायदा केला आणि खरेदीखतातलं ते वाक्य असूनही हुकरच्या मालक कंपनीला १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं.

म्हणून विकणाऱ्यांना मी सांगतो, ‘मी तोंडी सांगितलं होतं’ याला काही किंमत नाही. नोंदणीकृत दस्तात लिहा, तपासणीचा अहवाल परिशिष्ट म्हणून जोडा. म्हणजे तिसरा, चौथा खरेदीदार दस्ताची नक्कल काढेल तेव्हा त्यालाही ते दिसेल.

तपासणी कशी करायची

पहिलं काम फुकटात होतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, चहा घ्या आणि विचारा, ‘काका, इथे आधी काय होतं?’ तिथे काम केलेला मजूर भेटला तर सोन्याहून पिवळं. पाणी कुठे सोडायचे, राख कुठे टाकायचे, त्याला सगळं पाठ असतं.

दुसरं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय भंडाऱ्यात आहे. त्या युनिटला संमतीपत्र होतं का, नोटीस निघाली होती का, बंदचा आदेश होता का, हे माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. इसाराची पावती करताना साठ दिवस मागून घ्या, म्हणजे हे उत्तर हातात येईल.

तिसरं, नमुने. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसालाच नमुने घेऊ द्या. आपण पिशवीत भरून नेलेली माती कोर्टात टिकत नाही. संशयाच्या जागा, म्हणजे भट्टीजवळ, नाल्याच्या तोंडाशी, टाकीशेजारी, आणि वरचा थर व खालचा थर वेगवेगळा. काय शोधायचं ते आधी ठरवा, कारण प्रत्येक घटकाचे पैसे वेगळे लागतात. पितळी कारखाना असेल तर तांबं, जस्त, शिसं. प्लेटिंग असेल तर क्रोमियम. पंप असेल तर पेट्रोलचे घटक. विहीर किंवा बोअर असेल तर पाणीही द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, क्रोमियमची ०.०५, मँगनीजची ०.१ आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत. खाद्यपदार्थांचा उद्योग काढणाऱ्यांनी पाण्याची तपासणी टाळायचीच नाही. पापड, लोणचं, मुरमुरा, काहीही असो.

आता पैशाचं गणित

हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, खरे दर तुम्ही लेखी मागवा.

समजा एक अकृषक प्लॉट आहे, स्वच्छ असता तर किंमत २० लाख. त्यातले ३०० चौरस मीटर अर्धा मीटर खोलीपर्यंत खराब आहेत. म्हणजे १५० घनमीटर माती. घनमीटरला १.६ टन धरले तर २४० टन. ही माती कुठेही नाल्यात टाकता येत नाही. ती धोकादायक कचरा ठरली तर बुटीबोरीच्या सामायिक केंद्रात पाठवावी लागते. वाहतूक धरून टनाला ३,००० रुपये समजा, झाले ७ लाख २० हजार. मुरूम भरायचे ९० हजार, तपासण्यांचे ६० हजार. एकूण ८ लाख ७० हजार. म्हणजे प्लॉटची आजची किंमत ११ लाख ३० हजारांच्या आसपास. मालक ‘दोन लाख कमी करतो’ म्हणत असेल, तर तो सौदा स्वस्त नाही.

दरवेळी खोदायलाच लागतं असंही नाही. शिशासारखा धातू वरच्या थरात स्थिर असेल आणि पाण्यापर्यंत पोचत नसेल, तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने वर काँक्रीट करून ती जागा गोदाम किंवा पार्किंग म्हणून वापरता येते. चौरस मीटरला ७५० रुपये धरले तर सव्वादोन लाखांत भागतं. पण मग तिथे बोअर नाही, विहीर नाही, पाया खणणं नाही, आणि हे बंधन पुढच्या दस्तातही लिहावं लागतं. तुमचा धंदा गोदामाचा असेल तर माझ्या मते हा मार्ग उत्तम. डेअरी काढायची असेल तर ती जागा सोडून द्या.

विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांवर पूर्ण विश्वास बसत नसेल तर किमतीतला काही भाग अडवून ठेवायचा, सफाईनंतरचा अहवाल चांगला आला की द्यायचा, अशी अट करारात घालता येते. आणि विकणारा ‘लपवलेलं काही निघालं तर भरपाई देईन’ असं लिहून देतो. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटचा अडथळा बहुतेकांना दस्ताच्या दिवशी कळतो. सौदा ११ लाख ३० हजारांचा झाला, पण रेडी रेकनरमध्ये किंमत २० लाख दिसते. रेडी रेकनरला माती खराब आहे की चांगली हे कळत नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीपैकी जास्त रकमेवर, म्हणजे २० लाखांवर. वर आयकर. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त गेला की विकणाऱ्याचा नफा २० लाख धरून मोजला जातो, आणि घेणाऱ्याला मिळालेली सूट त्याचं उत्पन्न समजून त्यावरही कर लागू शकतो. यावर उपाय आहे, पण तो दस्ताच्या आधी करायचा. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करून प्रयोगशाळेचा अहवाल आणि सफाईचं लेखी अंदाजपत्रक जोडायचं आणि बाजारमूल्य ठरवून मागायचं. आयकरातही मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा अशी मागणी विकणाऱ्याला करता येते. दोन्हीकडे तोच अहवाल लागतो. एमआयडीसीतला प्लॉट असेल तर तो भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क वेगळं. ती रक्कम सौदा ठरवतानाच कोणाच्या माथी, हे कागदावर घ्या.